आवाज मागे ठेवून आलेले नट

अमेरिकी मूकपटांच्या इतिहासात रंगभूमीवरून आलेल्या नटांविषयी एक विधान वारंवार आढळते. हे नट मोठमोठे हातवारे करीत पडद्यावर आले आणि कॅमेऱ्याने त्यांना हळूहळू संयत अभिनय शिकवला, असे त्या विधानाचे सार आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. नाटक सोडून चित्रपटाकडे कोण वळले, कोणत्या अडचणीमुळे वळले, आणि ज्यांना मोठ्या सन्मानाने बोलावून घेतले त्यांच्यापैकी इतके थोडे का टिकले, हे प्रश्न त्या विधानाच्या कक्षेत येतच नाहीत. आणि त्यांची उत्तरे अभिनयशैलीइतकीच नाट्यव्यवसायाच्या जमाखर्चातही शोधावी लागतात.

अगदी आरंभी नट पडद्यावर आले ते पाहुणे म्हणून. १८९६ मध्ये एडिसन यांच्या कंपनीने 'द विडो जोन्स' या न्यू यॉर्कमधील गाजत्या नाटकातला चुंबनाचा प्रसंग मे अर्विन आणि जॉन राइस या त्याच नाटकातील नटांकडून करून घेऊन चित्रित केला; तो अर्ध्या मिनिटाचाही नाही. त्याच वर्षी वयोवृद्ध नट जोसेफ जेफरसन यांनी तीस वर्षे गाजवलेल्या 'रिप व्हॅन विंकल' या भूमिकेतील काही छोटी दृश्ये मॅसॅच्युसेट्समधील आपल्या उन्हाळी निवासस्थानाजवळ उघड्यावर करून दाखवली. यामुळे कोणाचा व्यवसाय बदलला नाही. चित्रपट हे त्या काळी यंत्राचे नवल होते आणि नटाची कीर्ती त्या नवलाला उसनी दिली जात होती.

खरे स्थलांतर सुरू झाले ते १९०५ नंतर, आणि त्याची कारणे नाट्यव्यवसायाच्या रचनेत होती. अमेरिकेतील बहुसंख्य नट न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर नव्हे, तर गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांतून पोट भरत असत. १८९६ मध्ये क्लॉ, अरलँगर, चार्ल्स फ्रोमन आदी व्यवस्थापकांनी 'थिएट्रिकल सिंडिकेट' नावाचा संघ स्थापून देशभरातील प्रमुख नाट्यगृहांच्या तारखा आपल्या मुठीत घेतल्या, आणि कोणत्या मंडळीने कोठे खेळ करायचा हे न्यू यॉर्कमधील कचेरीत ठरू लागले. तालमींचे पैसे नटाला मिळत नसत, पोशाखाचा खर्च बऱ्याचदा त्याच्याच अंगावर पडे, आणि दौरा मध्येच बुडाला तर परतीच्या तिकिटाची सोयही ज्याची त्याने पाहायची अशी रीत होती. उन्हाळ्यात नाट्यगृहे उकाड्यामुळे बंद राहत आणि त्या महिन्यांत कमाई थांबे. अशातच १९०५ च्या जूनमध्ये पिट्सबर्गमध्ये हॅरी डेव्हिस आणि जॉन हॅरिस यांनी पाच सेंटांत चित्रपट दाखवणारे 'निकेलोडियन' उघडले. निकेल म्हणजे पाच सेंटांचे नाणे, आणि त्यावरून हे नाव पडले. अशी चित्रगृहे थोड्याच वर्षांत शहराशहरांत पसरली. दहा, वीस आणि तीस सेंटांच्या तिकिटांवर चालणाऱ्या स्वस्त मेलोड्रामाचा, म्हणजे अतिरंजित आणि भावनाप्रधान नाटकांचा, प्रेक्षक त्यांनी ओढून नेला. ज्याने नटाचे काम हिरावले तोच धंदा त्याला काम देऊ लागला.

न्यू यॉर्कच्या पूर्व चौदाव्या रस्त्यावरील ११ क्रमांकाच्या घरात बायोग्राफ कंपनीचा स्टुडिओ होता आणि तेथे नटाला दिवसाला पाच डॉलर मिळत. तालमीचा आणि प्रयोगाचा असा भेद न करता काम केलेल्या दिवसाचे पैसे हातात पडतात, हे फिरत्या नटाच्या दृष्टीने फार मोठे आश्वासन होते. डेव्हिड वार्क ग्रिफिथ याच वाटेने आले. केंटकीत जन्मलेले ग्रिफिथ सुमारे दहा वर्षे दुय्यम मंडळ्यांतून भूमिका करीत फिरले होते, त्यांचे स्वतःचे नाटक १९०७ मध्ये पडले होते, आणि एडिसन कंपनीकडे ते गेले ते एक कथानक विकण्यासाठी. कथानक घेतले गेले नाही. त्याऐवजी त्यांना गरुडाच्या तावडीतून बालक सोडवणाऱ्या बापाची भूमिका मिळाली. पुढे १९०८ मध्ये बायोग्राफने त्यांच्याकडे दिग्दर्शन सोपवले आणि १९१३ पर्यंत त्यांनी तेथे चारशेहून अधिक लघुपट केले. हे सारे काम त्यांनी फिरत्या नाटक मंडळीच्या धर्तीवर चालवले. ठरावीक नटांचा संच हाताशी ठेवायचा, या आठवड्यातल्या नायकाला पुढच्या आठवड्यात गर्दीत उभे करायचे आणि चित्रीकरणापूर्वी तालमी घ्यायच्या, ही शिस्त रंगभूमीचीच होती आणि ती चित्रपटाच्या फार कामी आली.

१९०९ च्या वसंतात सतरा वर्षांची मेरी पिकफर्ड त्या स्टुडिओत आली. टोरोंटोत जन्मलेली ही मुलगी बालवयापासून फिरत्या नाटकांत काम करून आई आणि भावंडांचा संसार चालवत होती. ग्लॅडिस स्मिथ हे मूळ नाव बदलून तिला मेरी पिकफर्ड हे नाव दिले ते ब्रॉडवेवरील नामांकित निर्माते डेव्हिड बेलास्को यांनी. बेलास्कोंच्या नाटकात काम केलेल्या मुलीने पाच सेंटांच्या करमणुकीत उतरावे हा कमीपणा होता आणि तो तिला जाणवतही होता, परंतु पाच डॉलरांचा देकार ऐकल्यावर तिने दहा मागितले आणि मिळवले. या एका व्यवहारात त्या पिढीची स्थिती स्पष्ट दिसते. ज्यांनी लहानपणापासून पोटासाठी काम केले होते त्यांना नव्या धंद्यात आपली किंमत ठरवता आली. प्रतिष्ठेची चिंता करण्याइतकी सवड त्यांना कधी मिळालीच नव्हती.

व्हिटाग्राफ कंपनीकडे १९१० मध्ये आलेले जॉन बनी हे रंगभूमीवर अनेक वर्षे काढलेले स्थूल देहाचे विनोदी नट होते, आणि १९१५ मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या पाच वर्षांत त्यांचा चेहरा देशोदेशी ओळखला जाऊ लागला. हॉबर्ट बॉसवर्थ यांची कथा अधिक बोलकी आहे. क्षयाने त्यांचा आवाज गेला होता आणि नाटकातील नटाला आवाज गेल्यावर उरते तरी काय? हवा मानवावी म्हणून ते कॅलिफोर्नियात राहत होते. १९०९ मध्ये सेलिग कंपनीच्या दिग्दर्शकाने लॉस एंजेलिसमध्ये चित्रित होणाऱ्या एका लघुपटासाठी त्यांना बोलावले. बोलावे लागणार नव्हते, काम उघड्या हवेत होते, आणि रंगमंचावर कमावलेली देहबोली शाबूत होती. मूकपटाने माणसाकडून काय काढून घेतले आणि काय राखले, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

चित्रणाची जागा प्रत्यक्षात कशी होती हे पाहिल्याखेरीज या नटांच्या अडचणी ध्यानात येत नाहीत. रंगमंच प्रेक्षकांच्या बाजूला रुंद असतो, म्हणून महत्त्वाचा नट पुढे येतो आणि तेथे त्याला डावी-उजवीकडे मोकळेपणी फिरता येते. कॅमेऱ्याचे क्षेत्र नेमके उलटे असते. ते भिंगाजवळ चिंचोळे आणि मागे रुंद होत जाते, त्यामुळे नट जितका पुढे येईल तितकी त्याची जागा आकसते. ही मर्यादा दाखवण्यासाठी जमिनीवर रेघा आखत किंवा दोऱ्या ताणत, आणि एक पाऊल चुकले तरी खांदा चित्राबाहेर जाई. व्हिटाग्राफने नटाला कॅमेऱ्यापासून केवळ नऊ फुटांवर आणले तेव्हा ही चिंचोळी पट्टी आणखी आखूड झाली. ज्या हातवाऱ्यांनी शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला अर्थ कळवायचा, ते पसरायला येथे जागाच नव्हती. हात आवरला गेला त्यात दिग्दर्शकाच्या उपदेशाइतकाच त्या रेघांचाही वाटा होता, ही बाब अभिनयाच्या इतिहासात पुरेशा गांभीर्याने मांडली गेलेली नाही.

रंगभूषेचेही तसेच झाले. त्या काळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, म्हणजे तिला निळा प्रकाश उत्तम कळे आणि तांबडा जवळजवळ कळतच नसे. गॅसच्या किंवा विजेच्या पिवळ्या उजेडात गालांवर तजेला आणणारी लाली पडद्यावर काळ्या खड्ड्यासारखी दिसे, लाल ओठ काळे पडत आणि निळे डोळे पांढुरके होत. त्यात बायोग्राफसारख्या स्टुडिओत पाऱ्याच्या वाफेचे कूपर-ह्युइट दिवे असत, ज्यांच्या हिरवट-निळ्या उजेडात माणसे आजारी वाटत. वर्षानुवर्षे स्वतःचा चेहरा स्वतः रंगवणाऱ्या नटांना हे सारे ज्ञान मोडीत काढून पिवळट आणि फिकट रंगांनी पुन्हा शिकावे लागले. रंगमंचासाठी कांडीतून लावायचा जाड रंग जवळून पाहताना भेगाळे. १९१४ मध्ये मॅक्स फॅक्टर यांनी चित्रपटासाठी पातळ आणि लवचिक रंग तयार केला त्यामागे हीच गरज होती.

आता अभिनयाच्या शैलीकडे वळता येईल. रॉबर्टा पिअरसन यांनी बायोग्राफच्या लघुपटांचा बारकाईने अभ्यास करून दोन पद्धती वेगळ्या काढल्या आहेत. पहिलीत प्रत्येक भावनेला ठरलेली मुद्रा असते, जसे निराशेला कपाळावर उलटा हात. दुसरीत भाव छोट्या, नेहमीच्या व्यवहारातील हालचालींतून दिसतो. पहिलीच्या मागे फ्रेंच शिक्षक फ्रांस्वा देल्सार्त यांची मुद्रापद्धती होती, जी स्टील मॅके यांनी अमेरिकेत आणली. मात्र दुसरी पद्धती कॅमेऱ्याने जन्माला घातली असे मानण्याचे कारण नाही. विल्यम जिलेट, मिनी मॅडर्न फिस्क यांसारखे नट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रंगमंचावर संयत, अंतर्मुख अभिनय करीत होते. जिलेट यांनी १८९९ पासून स्वतःच्या नाटकात साकारलेला शेरलॉक होम्स १९१६ मध्ये चित्रपटबद्ध झाला. हरवलेला समजला गेलेला हा चित्रपट २०१४ मध्ये पॅरिसमध्ये सापडला, आणि त्यात दिसणारा शांत, जवळजवळ निश्चल नट पाहिल्यावर जुन्या नाटकांतील अभिनय म्हणजे आक्रस्ताळेपणा हा समज टिकू शकत नाही.

प्रतिष्ठित नटांची भरती मात्र वेगळ्या हेतूने झाली. ॲडॉल्फ झुकोर यांनी सारा बर्नहार्ट यांचा 'क्वीन एलिझाबेथ' हा चार रिळांचा फ्रेंच चित्रपट अमेरिकेसाठी विकत घेऊन १२ जुलै १९१२ रोजी न्यू यॉर्कच्या लायसियम नाट्यगृहात दाखवला, आणि त्या यशावर 'फेमस प्लेअर्स' ही कंपनी उभी केली. नाट्यनिर्माते डॅनियल फ्रोमन त्यांच्यासोबत आल्यामुळे जेम्स हॅकेट, श्रीमती फिस्क आणि 'माँटे क्रिस्टो' हजारो वेळा केलेले जेम्स ओ'नील (नाटककार यूजीन ओ'नील यांचे वडील) कॅमेऱ्यासमोर आले. साठी ओलांडलेले ओ'नील तरुण खलाशाच्या भूमिकेत उभे राहिले. ज्या अंतरावरून रंगमंचावर वय झाकले जाते ते अंतर येथे नव्हते. या नावांमुळे सुशिक्षित प्रेक्षक चित्रगृहाकडे वळला हे खरे, पण फेमस प्लेअर्सचा पाया घट्ट केला तो शेवटी मेरी पिकफर्डने, जी १९१३ मध्ये बेलास्कोंच्या नाटकातून त्या कंपनीत आली.

१९१५ मध्ये ट्रँगल कंपनीने हाच प्रयोग अधिक पैसे ओतून केला आणि दोन डॉलरांच्या तिकिटाला साजेसे म्हणून रंगभूमीवरील बडी नावे करारबद्ध केली. इंग्लंडहून आलेल्या सर हर्बर्ट बीअरबोम ट्री यांनी 'मॅकबेथ'च्या चित्रणात शेक्सपिअरची भाषणे अखंड म्हटली, आणि फिल्म वाया जाऊ नये म्हणून रिकामा कॅमेरा फिरवत ठेवला गेला, अशी आठवण स्टुडिओतील लोक पुढे सांगत. तिच्यात रंग भरलेला असू शकतो, पण त्या थोर नटाची कोंडी तिच्यातून कळते. आयुष्यभर ज्या शब्दांवर अभिनय तोलला ते शब्द काढून घेतल्यावर मुद्रा आणि हालचाल यांना आधार उरत नाही. चित्रपट चालला नाही आणि आज तो उपलब्धही नाही. त्याच भरतीत आठवड्याला दोन हजार डॉलरांवर आलेले ब्रॉडवेचे डग्लस फेअरबँक्स मात्र चपळ शरीर आणि हसरा चेहरा यांच्या बळावर तरले. त्याच वर्षी ऑपेराच्या गायिका जेराल्डिन फॅरार यांनी मूक 'कार्मेन'मध्ये यश मिळवले, तर १९१८ मध्ये एन्रिको कारुसो यांना 'माय कझिन'मध्ये ते लाभले नाही. म्हणजे कीर्ती आवाजाची असली तर अपयश ठरलेलेच, असा नियम नव्हता.

ही वाट सर्वांना सारखी खुली नव्हती, हे मात्र ठामपणे नोंदवले पाहिजे. गोऱ्या नटांनी काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची सोंगे आणण्याची रंगभूमीवरील प्रथा पडद्यावर जशीच्या तशी आली आणि ग्रिफिथ यांच्या १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये तिने अत्यंत विषारी रूप घेतले. सॅम लुकास या वृद्ध कृष्णवर्णीय नटाला १९१४ मध्ये चित्रपटात अंकल टॉमची भूमिका मिळाली ही अपवादात्मक घटना होती. बर्ट विल्यम्स हे ब्रॉडवेवरील आघाडीचे विनोदी नट असूनही त्यांना गोऱ्या प्रेक्षकांसमोर स्वतःच्या चेहऱ्यावर काजळी फासावी लागे. १९१३ मध्ये त्यांना घेऊन बहुसंख्य कृष्णवर्णीय नटांसह चित्रित झालेला चित्रपट संकलित न होताच पडून राहिला आणि न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याची रिळे जुळवून २०१४ मध्ये प्रेक्षकांसमोर आणली. त्यातील नटांचे कसब पाहता, केवढी गुणवत्ता दाराबाहेर ठेवली गेली याची कल्पना येते आणि विषाद वाटतो.

नाव आणि पैसा यांचा झगडाही याच वर्षांत झाला. बायोग्राफ १९१३ पर्यंत नटांची नावे जाहीर करीत नसे. काही नटांना ते सोयीचे होते, कारण नाट्यनिर्मात्यांना कळले तर पुढचे काम जाण्याची भीती होती. कंपनीला तर ते नक्कीच सोयीचे होते, कारण निनावी नट पगार वाढवून मागू शकत नाही. रंगमंचावर 'बेबी फ्लो' म्हणून वाढलेल्या आणि प्रेक्षक केवळ 'बायोग्राफ गर्ल' म्हणून ओळखत असलेल्या फ्लॉरेन्स लॉरेन्स यांना कार्ल लेम्ले यांनी आपल्या कंपनीत आणले आणि १९१० मध्ये त्यांच्या अपघाती मृत्यूच्या खोट्या वार्तेचे खंडन करणारी जाहिरात देऊन त्यांचे नाव देशभर केले. एकदा नाव कळल्यावर भाव वाढला. प्रहसनांच्या फिरत्या मंडळीतून आलेले चार्ली चॅप्लिन १९१४ च्या आरंभी आठवड्याला दीडशे डॉलरांवर काम करीत होते, आणि १९१६ मध्ये पिकफर्ड यांचा करार आठवड्याला दहा हजारांचा झाला.

मागे राहिलेल्या नाट्यनटांनी १९१३ मध्ये 'ॲक्टर्स इक्विटी' ही संघटना स्थापली आणि १९१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रॉडवेची नाट्यगृहे महिनाभर बंद पाडून फुकटच्या तालमींसारख्या जुन्या अन्यायांवर तोडगा मिळवला. १९२७ नंतर बोलपट आले आणि बोलता येणाऱ्या नटांना हॉलिवूडकडून पुन्हा बोलावणी गेली, तेव्हा इक्विटीने १९२९ मध्ये चित्रपटांतील नटांनाही आपल्या छत्राखाली आणण्याचा प्रयत्न केला. स्टुडिओंच्या विरोधामुळे आणि खुद्द नटांत एकमत नसल्यामुळे तो फसला. चित्रपटांतील नटांची स्वतंत्र संघटना, 'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड', १९३३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झाली.