जावई आयरिश कसे झाले?

लेकीकडे मिलवॉकीला सहा महिने राहून परवाच भुसावळला परतलो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मिलवॉकीला ऑगस्टमध्ये मिशिगन सरोवराच्या काठावर ‘आयरिश फेस्ट’ नावाची मोठी जत्रा भरते. जावई हिरवा शर्ट घालून, नातीच्या गालावर तीन पानांचं आयरिश चिन्ह रंगवून आम्हाला घेऊन गेले. गाणी, नाच, बटाटे, बिअर, सगळं झालं. जावयांनी मला छाती पुढे काढून सांगितलं, आम्ही आयरिश.

आता गंमत बघा. जावयांचं आडनाव अस्सल जर्मन. वडिलांकडची सगळी मंडळी जर्मनीतून आलेली. आईची आई आयरिश. आईच्या वडिलांकडून एक पणजी पोलिश आणि एक पणजोबा नॉर्वेचे. म्हणजे जुन्या हिशेबाने जर्मन आठ आणे, आयरिश चार आणे, पोलिश दोन आणे, नॉर्वे दोन आणे. मग आठ आणेवाले हरले आणि चार आणेवाले जिंकले कसे? मी रिटायर्ड माणूस, प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात रोज जाऊन बसायला लागलो. जे सापडलं ते सांगतो.

अमेरिकेच्या जनगणनेत १९८० साली पहिल्यांदा सरळ विचारलं गेलं की तुमचं मूळ कुठलं? आधी फक्त तुमचा आणि तुमच्या आईवडिलांचा जन्म कुठल्या देशातला, एवढंच विचारत. आता तीन-चार पिढ्या अमेरिकेत काढलेल्या माणसालाही रिकामी ओळ दिली, हवं ते लिही. ओळीखाली नमुन्यादाखल काही नावं छापली होती, त्यात ‘इंग्लिश’ होतं. सुमारे ४ कोटी ९६ लाख लोकांनी आपलं मूळ इंग्लिश असल्याचं लिहिलं. जर्मन ४ कोटी ९२ लाख.

१९९० साली तोच प्रश्न, पण नमुन्याची यादी बदलली. ‘जर्मन’ सगळ्यात पहिलं आलं, ‘इंग्लिश’ गळलं. निकाल काय लागला? इंग्लिश ३ कोटी २७ लाखांवर घसरले, जर्मन ५ कोटी ७९ लाखांवर चढले. दहा वर्षांत पावणेदोन कोटी इंग्रज काही मेले नव्हते. लुइझियानातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांना केजन म्हणतात. १९९० च्या नमुन्यात ‘केजन’ छापलं होतं, तर ६ लाख ६८ हजारांच्या आसपास माणसं निघाली. २००० साली छापलं नाही, तर उरली सुमारे ८५ हजार! २०२० साली ‘इंग्लिश’ पुन्हा नमुन्यात आलं आणि ४ कोटी ६६ लाखांसह एक नंबरला जाऊन बसलं. २००० साली ते अडीच कोटींच्याही खाली होते.

त्याआधीची एक गोष्ट याहून मजेदार आहे. १९७० नंतरच्या एक-दोन वर्षांत तिथल्या जनगणना खात्याने त्याच त्या माणसांना वर्षभराने पुन्हा तुमचं मूळ विचारून बघितलं. सुमारे एक तृतीयांश लोकांचं उत्तर बदललं होतं.

हे वाचून हसू नका. आपल्याकडे २०११ ला जातीची माहिती अशीच मोकळी ओळ ठेवून गोळा केली. केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की ४६ लाखांवर वेगवेगळी नावं आली. एकट्या महाराष्ट्रात सरकारी यादीत ४९४ जाती, लोकांनी लिहिली ४ लाख २८ हजारांवर नावं. आता नव्या जनगणनेत पुन्हा जात विचारणार आहेत. प्रश्न कसा छापतात याच्याकडे लक्ष ठेवा, एवढंच या विषयावर म्हणतो.

पण नमुन्याच्या यादीने सगळं उलगडत नाही. आमच्या जावयांना कुणी यादी दाखवली नव्हती. त्यांचं उत्तर मला मिळालं विहीणबाईंकडे.

विहीणबाई पंचाहत्तरीच्या, तल्लख आहेत. त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. आत जुन्या जाड जर्मन अक्षरांतलं प्रार्थनेचं पुस्तक. त्यांच्या नवऱ्याच्या आजोबांचं. घरात एकालाही वाचता येत नाही. आजोबांनी १९१८ साली घरात जर्मन बोलणं बंद केलं, ते कायमचं. मुलांनी जर्मनमध्ये काही विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. का, ते कधी बोलले नाहीत म्हणे.

का, ते इतिहासात आहे. मिलवॉकी म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यात जर्मन शहर. दारूचे कारखाने जर्मन, वर्तमानपत्रं जर्मन, नाटकं जर्मन, प्राथमिक शाळांत हजारो मुलं जर्मन शिकायची. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि वारं फिरलं. शहरातली जर्मेनिया बिल्डिंग ब्रमडर बिल्डिंग झाली, तिच्यावरचा जर्मेनिया देवीचा पुतळा उतरवला. डॉइचर क्लबचा विस्कॉन्सिन क्लब झाला. शाळांतून जर्मन हद्दपार. सिनसिनाटीत रस्त्यांची नावं बदलली. सावरक्राउट म्हणजे त्यांची आंबवलेली कोबी, तिला काही जण ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणू लागले (खाणं मात्र सोडलं नाही). आयोवाच्या गव्हर्नरने मे १९१८ मध्ये फर्मान काढलं की सार्वजनिक जागी, शाळेत, आगगाडीत, टेलिफोनवर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही.

आणि ५ एप्रिल १९१८ ला इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात रॉबर्ट प्रेगर नावाच्या जर्मन खाणकामगाराला जमावाने झाडाला फाशी दिली. अकरा जणांवर खटला चालला, अकराही सुटले.

मिलवॉकीतल्या एखाद्या जर्मन बापाने त्या वर्षी मुलांशी जर्मन बोलणं थांबवलं असेल, तर मला तरी त्यात नवल वाटत नाही. त्यानंतर पंधरा वर्षांत हिटलर आला आणि दुसरं महायुद्ध. जर्मन असणं मिरवायला जागाच उरली नाही. डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रीडरिश जर्मनीतल्या काल्श्टाट गावचे. पण १९८७ च्या ‘द आर्ट ऑफ द डील’ या त्यांच्या पुस्तकात घराण्याचं मूळ स्वीडन छापलंय. पुढे १९९९ मध्ये तेच न्यूयॉर्कच्या जर्मन मिरवणुकीचे मानकरी झाले. तोवर दिवस बदलले होते.

आयरिश लोकांचं उलट झालं. १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. अमेरिकेत आली तेव्हा ती कॅथलिक, गरीब, शिव्या खाणारी. पण १९६० ला केनेडी अध्यक्षपदी निवडून आले आणि आयरिश असण्याला वजन आलं. वर इंग्रजांनी छळलेले, म्हणजे हात स्वच्छ. सण आहे, गाणी आहेत, दारू आहे, आणि वर्षातून एक दिवस हिरवं घातलं की काम भागतं. १९९० ला ३ कोटी ८७ लाख अमेरिकनांनी आपलं मूळ आयरिश लिहिलं. खुद्द आयर्लंड प्रजासत्ताकाच्या तेव्हाच्या लोकसंख्येच्या दहापटीहून जास्त!

मेरी वॉटर्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात सॅन होजे आणि फिलाडेल्फियाच्या उपनगरांत अशा मिश्र घराण्यांतल्या लोकांशी सविस्तर बोलून १९९० मध्ये ‘एथ्निक ऑप्शन्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: आडनाव, चेहरा आणि कुठला गट सध्या लोकांना आवडतो, यावर माणसं एक मूळ उचलतात आणि बाकीची हळूच विसरतात. उचलल्यावर काही द्यावं लागत नाही. नोकरी, घर, लग्न, कशातच फरक पडत नाही. पण त्यांचा खरा मुद्दा पुढे आहे. या लोकांना वाटतं, सगळ्यांचीच ओळख अशी ऐच्छिक असते. मग कृष्णवर्णीय माणूस ‘मला माझ्या वंशामुळे त्रास झाला’ म्हणाला की त्यांना कळत नाही, हा एवढं मनाला का लावून घेतो.

हे ऐच्छिक प्रकरण नवीन आहे, हेही लक्षात ठेवा. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेत कुठल्या देशातून किती माणसं येऊ द्यायची हे ठरवायला, आधीच्या गोऱ्या लोकसंख्येत कुठल्या देशाचं ‘मूळ’ किती, याचा हिशेब मागितला. जनगणना खात्यातल्या जोसेफ हिल यांच्या समितीने तो मांडला. सुरुवात कुठून, तर १७९० च्या जनगणनेतल्या कुटुंबप्रमुखांच्या आडनावांवरून! गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, मूळ रहिवासी आणि नागरिकत्वाला अपात्र ठरवलेले आशियाई लोक कायद्यानेच हिशेबाबाहेर. १९२९ पासून ब्रिटनला वर्षाला ६५,७२१ जागा, जर्मनीला २५,९५७, इटलीला ५,८०२. तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही की बाबा, तुला काय वाटतं तू कोण?

त्याच १९२४ साली व्हर्जिनियाने गोरं कोण याचा इतका कडक कायदा केला की आफ्रिकी रक्ताचा अंश आढळला तर माणूस गोरा नाही. १९३० च्या जनगणनेत प्रगणकांना सूचना होती की गोरं आणि निग्रो रक्त मिसळलेलं असेल तर, दुसरं कितीही थोडं असो, निग्रोच लिहायचं. म्हणजे युरोपातली चार रक्तं मिसळली तर पुढे निवड मिळाली, पाचवं मिसळलं की संपली.

बराक ओबामांचंच बघा. आई कॅन्ससची गोरी. तिचे एक पूर्वज आयर्लंडच्या मनीगॉल गावातून १८५० मध्ये आलेले. ओबामा मे २०११ मध्ये तिथे जाऊन बिअर प्याले, आता तिथे हमरस्त्यालगत त्यांच्या नावाचा पेट्रोल पंप आणि खाण्यापिण्याचा थांबा आहे. पण त्याच्या आदल्या वर्षीच्या जनगणनेत त्यांनी खूण केली फक्त एका चौकोनात, कृष्णवर्णीय. एकापेक्षा जास्त चौकोन भरायची सोय २००० पासून होती. अध्यक्ष झालेल्या माणसालाही ‘मी आयरिश’ हे विनोदानेच म्हणता येतं. आमचे जावई ते गंभीरपणे म्हणतात.

युरोपीय रक्त मिसळलेल्यांचा प्रश्न आपल्याकडेही होता. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, आमच्या पिढीला चांगली आठवतात. राज्यघटनेच्या कलम ३६६ मध्ये अँग्लो-इंडियन कोण ते सांगितलंय. वडील किंवा वडिलांच्या बाजूचा कुणी पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा हवा. आई युरोपीय असून चालत नाही. इथे निवड वगैरे नाही, बापाकडून आलं तर आलं.

आपल्या लोकांचं अमेरिकेत काय झालं, तेही सांगतो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदी माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व नाही. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत आपल्यासाठी वंशाचा रकाना होता ‘हिंदू’, मग माणूस शीख असो की मुसलमान. १९७० ला आपल्याला गोऱ्यांत मोजलं. १९८० ला आपल्याच लोकांनी खटपट केली तेव्हा ‘एशियन इंडियन’ हा वेगळा चौकोन मिळाला. एवढ्या उड्या मारल्या, त्यातली एकही आपल्या मनाप्रमाणे नव्हती, शेवटची सोडली तर.

आता माझी नात. सात वर्षांची. २०२० च्या जनगणनेत ती दीड वर्षांची होती, तेव्हा लेकीने तिच्यासाठी ‘एशियन इंडियन’ची खूण केली आणि जावयांनी ‘व्हाइट’ची खूण करून खालच्या ओळीत ‘आयरिश’ लिहिलं. जर्मन आठ आण्यांचे तिच्यापर्यंत चार आणे झालेत, पण कागदावर ते नाहीतच.

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर वर्गात ‘आपलं घराणं’ असा प्रकल्प होता. घरी मोठी चर्चा झाली. लेक म्हणाली दोन्ही झेंडे काढ. जावई म्हणाले आयर्लंडचा सोपा आहे, तीनच पट्टे. मी म्हटलं आपलेही तीनच, वर एक चक्र. विहीणबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ते जर्मन पुस्तक रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. नात खूश. पुस्तक दप्तरात घालून गेली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा हातात रंगवलेला तिरंगा होता. मी विचारलं, एकच का गं? म्हणाली, बाकीच्यांना घरी विचारून यायला सांगितलं होतं. माझा टीचरनी आधीच काढून ठेवला होता, फक्त रंगवायचा होता.

पुस्तक दप्तरातच होतं. कुणी बघितलं नव्हतं.