ठरावाचे शब्द आणि तळ्याचे पाणी

साहित्याचे अभ्यासक म्हणून आम्ही कविता-कादंबऱ्या बारकाईने वाचतो. नगरपालिकेचा ठराव मात्र वाचण्याजोगा मजकूर मानत नाही. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आम्ही सहसा २० मार्च १९२७ पासून सांगू लागतो. तो नगरपालिकेच्या दप्तरापासून सांगायला हवा, असे आम्हांस वाटते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. प्रत्यक्षात मात्र काहीच बदलले नाही. ‘खुले करण्यात यावे’ या आपल्या सरकारी वाक्यरचनेला कर्ता नसतो. कोणी, केव्हा आणि कोणाच्या संरक्षणात खुले करावे, हे ती सांगत नाही. ही उणीव बोले यांनीही ओळखली असावी. अंमलबजावणी नाकारणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव त्यांनी १९२६ मध्ये मांडला.

१९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर गेले, तेव्हा त्या वाक्याला प्रथमच कर्ता मिळाला. पाणी प्यालेल्यांना मार खावा लागला आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

नगरपालिका उत्तरदायी नव्हती, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ती उत्तरदायी होती, पण कोणाला? मताचा अधिकार तेव्हा कर आणि मालमत्ता यांच्याशी बांधलेला होता. ज्यांना पाणी नाकारले जात होते, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना त्या सभागृहाला जाब विचारता येत असे. ज्यांना विचारता येत होता, त्यांचे सभागृहाने ऐकले. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सुधारक महाडातच होते, ही गोष्ट या इतिहासाला अधिक क्लेशकारक करते.

वाद न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. त्याचा आधार मात्र अरुंद होता: त्यांना मज्जाव करणारी रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही.

पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवल्या. या तरतुदीकडे पाहताना महाडचे ते दोन ठराव शेजारी ठेवून वाचावेत. सभागृहात कोण बसते आणि त्याला प्रश्न कोण विचारू शकते, यावर ठरावातील शब्दांचा अर्थ ठरतो.