नेटवर्क यूपीएस टूल्स (नट)

वीज गेल्यावर यूपीएसची बॅटरी संपण्याआधी सर्व्हर रीतसर बंद करणारी मुक्तस्रोत प्रणाली. ड्रायव्हर बहुधा यूएसबी केबलवरून यूपीएसची स्थिती वाचतो. ‘यूपीएसडी’ ती ३४९३ क्रमांकाच्या पोर्टवर पुरवतो आणि प्रत्येक सर्व्हरवरील ‘यूपीएसमॉन’ तिच्यावर नजर ठेवतो. वीज जाताच ‘ओबी’ ही खूण येते. तेवढ्याने काही बंद होत नाही. जोडीला ‘एलबी’, म्हणजे बॅटरी खालावल्याची खूण आली की आधी दुय्यम सर्व्हर बंद होतात, मुख्य सर्व्हर शेवटी. त्यानंतर यूपीएसलाही पुरवठा तोडण्याचा आदेश मिळावा लागतो. हा टप्पा गाळणे महागात पडते : वीज मधेच परतली, तर बंद झालेले सर्व्हर तसेच पडून राहतात. नेटवर्क स्विचही यूपीएसवरच हवा. एरवी वीज जाताच निरोपाची वाटच तुटते.