अण्णा नाईकांचे पुनरागमन : ‘रात्रीस खेळ चाले’मधील न मिटलेला हिशेब

मराठी दूरचित्रवाणीवर खलनायक अनेक आले आणि मालिका संपताच विस्मरणात गेले. ‘रात्रीस खेळ चाले’ या झी मराठी वाहिनीवरील गूढमालिकेतील अण्णा नाईक मात्र याला अपवाद ठरले. हे पात्र मृत्यूच्या बातमीतून कथेत आले, दुसऱ्या पर्वात जिवंत माणूस म्हणून अवतरले आणि तिसऱ्या पर्वात भूत होऊन परतले. जमीन बळकावणारा, माणसे संपवणारा, घरातल्या आणि बाहेरच्या स्त्रियांचे आयुष्य उद्ध्वस्त करणारा हा पुरुष प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा हवासा का वाटला, हा प्रश्न केवळ करमणुकीपुरता मर्यादित नाही. गावगाड्यातील जुन्या सत्तेकडे आजचा समाज कसा पाहतो, याचेही उत्तर त्यात दडलेले आहे.

तीन पर्वे, तीन रूपे

मालिकेचे पहिले पर्व 22 फेब्रुवारी 2016 रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील वाडा हे कथेचे आणि चित्रीकरणाचेही स्थळ होते. कुटुंबप्रमुख अण्णांच्या मृत्यूमुळे मुंबईला असलेली आणि गावात राहणारी नाईक मंडळी एका छपराखाली येतात व त्यानंतर अघटितांची मालिका सुरू होते, अशी या पर्वाची मांडणी होती. येथे अण्णा प्रत्यक्ष माणूस म्हणून नव्हे, तर मागे उरलेली दहशत म्हणून वावरतात. त्यांनी काय केले, कोणाचे काय घेतले, हे इतरांच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्याने कळत जाते.

दुसरे पर्व 14 जानेवारी 2019 रोजी सुरू झाले. लेखकांनी कथा पुढे न नेता मागे नेली. अण्णांचा उमेदीचा काळ, पत्नी इंदू म्हणजेच माई, शेवंताशी आलेला संबंध, भावकीतील वच्छीचे वैर आणि या साऱ्यांतून वाढत गेलेले पाप हा या पर्वाचा विषय होता. माधव अभ्यंकर यांनी अण्णा, शकुंतला नरे यांनी माई, अपूर्वा नेमळेकर यांनी शेवंता आणि संजीवनी पाटील यांनी वच्छी साकारली. दिग्दर्शन राजू सावंत यांचे होते. विसरभोळ्या पांडूच्या भूमिकेतील प्रल्हाद कुडतरकर यांचा लेखनातही मोठा वाटा होता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले. 13 जुलै 2020 पासून नवे भाग पुन्हा दाखवले जाऊ लागले आणि 29 ऑगस्ट 2020 रोजी या पर्वाची सांगता झाली.

तिसरे पर्व 22 मार्च 2021 रोजी आले. या वेळी जाहिरातींचा सारा भर अण्णांच्या परत येण्यावरच होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते महिनाभरातच खंडित झाले, ऑगस्ट 2021 मध्ये पुन्हा सुरू झाले आणि 2022 मध्ये संपले. दरम्यान अपूर्वा नेमळेकर यांनी मालिका सोडली व शेवंताची भूमिका कृतिका तुळसकर यांच्याकडे आली. ओसाड पडलेला वाडा, पांगलेले कुटुंब, वृद्ध माई आणि वाड्यावरचा ताबा सोडायला तयार नसलेले अण्णा-शेवंता असे या पर्वाचे चित्र होते.

शीर्षकामागची परंपरा

मालिकेचे नाव 1976 च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातील गीतावरून घेतले आहे. सुधीर मोघे यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि महेंद्र कपूर यांचा स्वर लाभलेले ते गीत मराठी माणसाला परिचित असल्याने नावातच गूढतेची अर्धी तयारी झालेली होती.

भयकथेची परंपरा मराठीत जुनी आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी ती घराघरांत नेली. मतकरींच्या कथांवर आधारित ‘गहिरे पाणी’ ही मालिका पुढे दूरचित्रवाणीवर आली. 2018 चा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपटही कोकणातील वाडा आणि लोभी नायक घेऊनच उभा राहिला. 2024 मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा त्याला पहिल्या खेपेपेक्षा अधिक प्रेक्षक लाभले. मात्र कथा किंवा चित्रपट एका बैठकीत संपतो. दैनंदिन मालिकेत दुष्ट पात्र रोज रात्री घरात येते, त्याच्या बोलण्याची लकब पाठ होते आणि भीतीच्या जागी हळूहळू ओळख निर्माण होते. अण्णांच्या लोकप्रियतेचे पहिले कारण या ओळखीत आहे.

आकेरीपासून तिरोड्यापर्यंत

आकेरी महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, तर गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा पूर्व सीमेजवळ. एकीकडे मालवणी, तर दुसरीकडे झाडीबोली आणि पोवारी. एकीकडे माड आणि पोफळी, तर दुसरीकडे धानाच्या बांध्या. तरीही अण्णा नाईकांसारखा माणूस पूर्व विदर्भातील प्रेक्षकाला परका वाटण्याचे कारण नाही, कारण जमिनीच्या बळावर गावावर हुकमत चालवणाऱ्या घराण्यांचा इतिहास या भागालाही आहे.

हा प्रदेश पूर्वी मध्य प्रांतात होता आणि येथे मालगुजारी पद्धत होती. शेतसारा गोळा करण्याचा अधिकार असलेला मालगुजार गावाचा जवळजवळ धनीच असे. तत्कालीन मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने हे मालकी हक्क रद्द झाले आणि 1951 पासून ही पद्धत संपुष्टात आली. तिच्या खुणा अद्याप पुसल्या गेलेल्या नाहीत. भंडारा-गोंदिया पट्ट्यातील जुन्या तलावांना आजही ‘माजी मालगुजारी तलाव’, थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. यातील कित्येक मालगुजारांनी तलाव बांधून शेती वाढवली, हेही तितकेच खरे. परंतु एका घराच्या मर्जीवर गावाचे पाणी, जमीन आणि न्याय अवलंबून असण्याची आठवण लोकस्मृतीत राहिली. अण्णांचा वाडा पाहताना ती जागी होऊ शकते.

रात्रीच्या नाट्याचीही या भागाला जुनी सवय आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमी ही दंडार, खडी गंमत अशा लोकप्रकारांच्या सहवासात वाढली. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके चालतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाट्यमंडळ्यांचे प्रमुख केंद्र आहे. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या नाट्यजगताचेही लक्ष तिकडे गेले.

झाडीपट्टीच्या कौटुंबिक नाटकात खलनायकाला मोठे स्थान असते. तो गरजतो, फसवतो, प्रेक्षकांच्या शिव्या खातो. पण सामान्यतः पहाटेपूर्वी त्याचा निकाल लागतो आणि प्रेक्षक मोकळ्या मनाने घरी परततो. दूरचित्रवाणीने नेमकी हीच सांगता काढून घेतली. अण्णांचा निकाल कधीच पूर्ण लागत नाही. एका पर्वात ते मरतात आणि पुढच्या पर्वात परततात.

भूत म्हणजे थकलेले देणे

लोकसमजुतीत भूत उगाच येत नाही. कोणाची इच्छा राहिलेली असते, कोणाचे देणे थकलेले असते, कोणाचा बळी गेलेला असतो. या अर्थाने अण्णांच्या पुनरागमनाला कथेतच आधार आहे. त्यांनी बळकावलेली जमीन परत गेलेली नाही, शेवंतेला न्याय मिळालेला नाही, माईने आयुष्यभर गिळलेला अपमान कोणी मोजलेला नाही. वारसांना वाडा हवा आहे, पण त्यासोबत आलेले पाप नको आहे. मालिकेतील सर्वांत खरे नाट्य भुताच्या दृश्यांत नसून वाटणीच्या बोलण्यांत आहे.

हा विषय काल्पनिक नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा देणारी सुधारणा महाराष्ट्राने 1994 मध्येच केली होती. 2005 मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने ती देशभर लागू झाली. वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला. त्या वेळी मालिकेचे दुसरे पर्व अखेरच्या आठवड्यांत होते. पडद्यावरील वाड्यात मात्र हक्काची भाषा पुरुषांच्याच तोंडी अधिक होती. कायदा बदलला तरी वाड्याचे मन बदललेले नसते, ही गोष्ट मालिकेने कळत-नकळत दाखवली.

आक्षेप आणि त्यांचे वजन

पहिले पर्व सुरू होताच कोकणात विरोधाचे सूर उमटले. कोकणची बदनामी होते आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असे दोन प्रमुख आक्षेप होते. दुसरा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर राज्याने प्रथम अध्यादेश काढला आणि डिसेंबर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेऊन तिचे जगणे मुश्कील करणे हे या कायद्याने गुन्हे ठरतात. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

हा कायदा कल्पित कथेवर बंदी घालत नाही आणि घालूही नये. पहिल्या पर्वात नीलिमा या सुनेच्या रूपाने विज्ञाननिष्ठ बाजूही मांडली गेली होती. परंतु ज्या गावात आजारपणाचे खापर आजही शेजारणीवर फुटू शकते, तेथे भुताची कथा कोणाला दोषी ठरवते, याला महत्त्व आहे. या कसोटीवर अण्णांची कथा काहीशी वेगळी ठरते. येथील भय एखाद्या असहाय विधवेभोवती किंवा परित्यक्तेभोवती गुंफलेले नाही. त्याच्या मुळाशी गावातील सर्वांत बलाढ्य पुरुषाचे कर्म आहे. शेवंताच्या भुताचे चित्रण मात्र वारंवार जुन्या मोहिनीच्या साच्यात अडकले आणि तेथे ही धार बोथट झाली.

लोकप्रियतेची किंमत

दुसऱ्या पर्वाच्या काळात अण्णांची नजर, त्यांची चाल आणि शेवंतेसमोरचे त्यांचे बदलणारे रूप यांवर समाजमाध्यमांत विनोदी चित्रांचा पूर आला. अभ्यंकरांच्या अभिनयाला मिळालेली ती पावती होती, यात शंका नाही. त्यांनी अण्णा एकसुरी रंगवले नाहीत. क्रौर्याच्या तळाशी असलेली भीती आणि आसक्तीतील दुबळेपणाही त्यांनी दाखवला. परंतु विनोदाचा विषय झालेला अपराधी हळूहळू निरुपद्रवी वाटू लागतो. ज्याच्या नावाने गाव थरथरत होते, तो प्रेक्षकांचा लाडका म्हातारा होतो.

तिसऱ्या पर्वाची अडचण येथूनच सुरू झाली. दुसऱ्या पर्वात अण्णांच्या प्रत्येक कृत्याची किंमत कोणीतरी चुकवत होते. त्यामुळे पुढे काय होणार, याची धास्ती होती. भूत झालेल्या अण्णांना गमावण्यासारखे काहीच उरले नाही. त्यांचे येणे-जाणे घटनांपेक्षा आठवणींवर अधिक विसंबू लागले. चाहत्यांना परतलेले अण्णा मिळाले, पण मृत्यूनंतरही त्यांना कोणापुढे जबाब द्यावा लागला नाही.

तिन्ही पर्वांत या साऱ्याची साक्षीदार राहिली ती माई. तिने नवऱ्याचे पाप पाहिले, सोसले, कधी झाकले आणि अखेर त्याच्या भुताशीही तिलाच सामना करावा लागला. अण्णा तीनदा आले, त्याची चर्चा पुष्कळ झाली. ज्या घरात ते परतले, ते घर इतकी वर्षे सांभाळणारी माई मात्र त्या चर्चेत मागेच राहिली.