अर्धवट राहिलेली स्थापना

घरच्या संगणकावर एखादी नवी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, बसवावयास घ्यावें आणि काम निम्म्यावर येऊन थांबावें. पुन्हां बसवूं जावें तों संगणकानें ‘ती आधींच बसविलेली आहे’ असें सांगावें. काढून टाकूं म्हटलें तर ‘फाइल सांपडत नाहीं’ असें उत्तर यावें. हा अनुभव पुष्कळांचा आहे. आज्ञावलीचा असा त्रिशंकु कां होतो, आणि त्यास सोडविण्याची विद्या कशी सिद्ध झाली, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

प्रारंभीं हा प्रश्न फारसा नव्हताच. १९७९ सालीं ॲपल टू या संगणकासाठीं व्हिसिकॅल्क ही हिशेबाची आज्ञावली विक्रीस आली. फ्लॉपी यंत्रांत सारावी, काम करावें, यंत्र बंद करावें. यंत्रांत मागें कांहींच उरत नसे. जेथें स्थापनाच नाहीं, तेथें ती बिघडणार कशी?

पुढें घरोघर हार्ड डिस्क आली आणि आज्ञावल्या यंत्रांत कायमच्या राहूं लागल्या. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्यें अनेक आज्ञावल्या डीएलएल नांवाच्या कांहीं फाइली समाईक वापरीत. वाड्यांतील आडासारखीच ही व्यवस्था होती. नव्या बिऱ्हाडकरूनें आडाचा दोर काढून आपला जुना, आंखूड दोर लावावा आणि इतरांच्या घागरी पाण्यापर्यंत पोंचूं नयेत, तसें होऊं लागलें. एक आज्ञावली बसविली कीं दुसरी बंद पडे. जाणकारांनीं या अवस्थेस ‘डीएलएल हेल’, म्हणजे डीएलएलचा नरक, असें नांव ठेवलें. १९९५ च्या विंडोज ९५ मध्यें रजिस्ट्री या नोंदींच्या मध्यवर्ती वहीस प्रमुख स्थान मिळालें. आतां फाइली एकीकडे व नोंदी दुसरीकडे झाल्या. मध्येंच वीज गेली किंवा डिस्कवरील जागा संपली, तर नोंद आहे पण फाइल नाहीं, असा प्रकार घडे. आपल्या त्रिशंकूचें जन्मस्थान हेंच होय.

यावरील तत्त्व संगणकशास्त्राच्या दुसऱ्या दालनांत पूर्वींच सिद्ध होतें. बँकेंत एका खात्यांतून रक्कम वजा व्हावी आणि दुसऱ्यांत जमा होण्यापूर्वीं यंत्र बंद पडावें, तर ती रक्कम गेली कोठें? अमेरिकन शास्त्रज्ञ जिम ग्रे यांनीं १९८१ च्या एका निबंधांत अशा व्यवहाराच्या कल्पनेचें विवेचन केलें. व्यवहार पुरा तरी व्हावा, नाहीं तर मुळींच न झाल्यासारखा व्हावा; त्यासाठीं बदलापूर्वींची स्थिति नोंदून ठेवावी. ग्रे यांस १९९८ चें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें.

१९९९ सालीं ऑफिस २००० बरोबर आलेल्या विंडोज इन्स्टॉलरनें याच जातीचें तत्त्व घरगुती संगणकावर आणलें. स्थापना चालू असतां तो बदललेल्या फाइलींच्या प्रती आणि उलट क्रियांची यादी ठेवी. काम अडलें तर ती यादी वाचीत मागें फिरे. पुढील वर्षीं विंडोज एमईमध्यें संबंध यंत्रणेस मागील दिवसाच्या स्थितीवर नेणारी सिस्टम रिस्टोअर ही सोय आली. आपण गणपतीची स्थापना करतों तेव्हांच विसर्जनाचा दिवस ठरलेला असतो. संगणकाच्या कारागिरांस हें शहाणपण यावयास व्हिसिकॅल्कपासून २० वर्षें लागलीं.

तरीही धसमुसळे उपाय संपले नाहींत. इन्स्टॉलरच्या नोंदी पुसणारें एक क्लीनअप साधन खुद्द मायक्रोसॉफ्टनें दिलें होतें. तें फाइली काढीत नसे, केवळ नोंदी पुशी. इतर आज्ञावल्यांस त्यापासून इजा होऊं शके, म्हणून २०१० मध्यें तें मागें घेण्यांत आलें. वहीचें पान फाडल्यानें देणें फिटत नाहीं.

या इतिहासाचा गृहस्थास उपयोग असा. स्थापना अडली असतां तेंच बटण पुनःपुन्हां दाबूं नये. प्रथम घरचीं कागदपत्रें व छायाचित्रें यांची प्रत यंत्राबाहेर ठेवावी. चुकीचा संदेश शब्दशः टिपून घ्यावा. डिस्कवर जागा आहे कीं नाहीं तें पाहावें. मग दुरुस्तीचा, म्हणजे रिपेअरचा, पर्याय असल्यास तो वापरावा. तो न साधल्यास आज्ञावली रीतसर काढावी, यंत्र पुन्हां सुरू करावें आणि नव्यानें स्थापना करावी. तेंही न जमल्यास पूर्वस्थितीकडे परतावें. सर्व पुसून नवा संसार मांडणें हा अगदीं शेवटचा उपाय होय, आणि घाबरलेला मनुष्य बहुधा तोच आधीं करतो. आज्ञावली बाजारांत पुन्हां मिळते. आजीचा साठविलेला आवाज आणि मुलाचीं पहिलीं छायाचित्रें मिळत नाहींत.