गोलाचे पृष्ठफळ

चेन्नईस बदलून आलेल्या मराठी मनुष्यास सेंट थॉमस मौंटची टेकडी लवकरच परिचयाची होते. तिच्या परिसरात १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने शंभर फुटी पोलादी साखळी भूमीवर अंथरली आणि दक्षिणेकडील पेरुंबाक्कमच्या टेकडीपर्यंत सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजावयास घेतली. उन्हाने पोलाद किती वाढते, हे उष्णमापकावर पाहून तेवढी सुधारणा करावयाची, असा तो काटेकोर उद्योग होता. या रेषेच्या आधारावर पुढे सगळ्या हिंदुस्थानावर त्रिकोणांचे जाळे पसरले.

सपाट कागदावर त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश होते. गोल पृथ्वीवर ती थोडी अधिक भरते. हे आधिक्य त्रिकोणाने व्यापलेल्या पृष्ठाच्या प्रमाणात वाढते : सुमारे ७६ चौरस मैलांस एक विकला. म्हणजे मोजणीदाराचा हिशेब अखेर एका जुन्या प्रश्नापाशी येऊन थांबतो : गोलाचे पृष्ठ मोजावे कसे?

पेटीच्या सहा बाजू मोजून बेरीज केली की काम झाले. नळकांडे उभे चिरून उलगडले तर आयत मिळतो. शंकू उलगडला तर वर्तुळाचा एक तुकडा. परंतु संत्र्याची साल कितीही दाबली तरी फाटल्यावाचून सपाट होत नाही. गोलाची अडचण नेमकी हीच आहे.

या अडचणीत मोठमोठे विद्वानही फसले. आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या लल्लाचार्यांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळास परिघाने गुणावे, असा नियम सांगितला. त्यानुसार १०५० योजने व्यासाच्या त्यांच्या पृथ्वीचे पृष्ठफळ २८५ कोटी योजनांहून अधिक आले! ही चूक दाखविली ती भास्कराचार्यांनी, आपल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त, ११५० साली. लल्लाचार्यांच्या ग्रंथावर भास्कराचार्यांनी स्वतः टीका लिहिली होती. ज्या ग्रंथाचा आदराने अभ्यास केला, त्यातील दोष त्यांनी झाकला नाही.

त्यांचा पहिला युक्तिवाद कोणत्याही शिंप्यास पटावा असा आहे. गोलाच्या अर्ध्या परिघाएवढा व्यास असलेले वाटोळे वस्त्र घ्यावे. ते अर्ध्या गोलावर घातले तर त्यास चुण्या पडतात, म्हणजे वस्त्र उरते. या वस्त्राचे क्षेत्रफळ गोलाच्या मध्यवर्तुळाच्या अडीचपटीहून किंचित कमी आहे. मग संपूर्ण गोलाचे पृष्ठ मध्यवर्तुळाच्या पाचपटीहून कमीच असले पाहिजे. तेथे परिघाने गुणण्यास जागा कोठे?

चूक दाखवून ते थांबले नाहीत. आवळ्यावरील उभ्या रेषांप्रमाणे गोलाच्या ९६ फाका त्यांनी कल्पिल्या. परिघ ९६ मानला, म्हणजे प्रत्येक फाक मध्यावर एक एकक रुंद झाली. वरखाली ती किती निमुळती होत जाते, हे ज्यांच्या कोष्टकावरून काढून त्यांनी तुकड्यांची बेरीज केली. एका फाकेचे क्षेत्रफळ साडेतीसहून किंचित अधिक आले. तोच त्या गोलाचा व्यास! म्हणून परिघास व्यासाने गुणले की पृष्ठफळ मिळते, अर्थात मध्यवर्तुळाच्या चौपट. आर्किमिडीजने हेच फळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात निराळ्या मार्गाने सिद्ध केले होते. भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने आणि व्यास १५८१ योजनांहून किंचित अधिक धरून तिचे पृष्ठफळ ७८,५३,०३४ योजने सांगितले. आजचा सुमारे ४०,००० किलोमीटरांचा परिघ १२,७४२ किलोमीटरांच्या व्यासाने गुणून पाहावा. सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर हाती येतात. मापे बदलली, नियम बदलला नाही.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ सालचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आपल्या मुलखातील एक पंडित आणि मद्रासेतील एक परका अधिकारी यांच्यामध्ये साडेसहाशे वर्षांचे अंतर आहे. तरीही दोघांची वृत्ती एकच दिसते. थोरांचे वचन असो वा पोलादाची साखळी, पडताळून पाहिल्यावाचून विसंबावयाचे नाही. कचेरीत रोज आयते आकडे पुढे येणाऱ्या आपणां मंडळींस ही वृत्ती बाळगण्याजोगी आहे.

लॅम्बटनचे काम त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. मोजणी उत्तरेकडे नेत असता जानेवारी १८२३ मध्ये तो वऱ्हाडालगतच्या हिंगणघाट येथे वारला. त्याची समाधी तेथेच आहे. चेन्नईहून बल्लारशामार्गे नागपुरास जाताना हिंगणघाटचे स्थानक लागते. रजेवर गावी निघालेल्या चाकरमान्याने तेथे क्षणभर खिडकीबाहेर पाहावे. मौंटपाशी सुरू झालेली मोजणी घेऊन निघालेला तो वृद्ध मोजणीदार आपल्याच मुलखात विसावला आहे.