सर्पगंधा आणि रक्तदाब : एका औषधाच्या इतिहासाचा पुनर्विचार

रक्तदाबावरील आधुनिक उपचारांच्या इतिहासात मुंबईला मानाचे स्थान आहे. ऑक्टोबर १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयाशी संबंधित असलेले डॉ. रुस्तम जाल वकील (१९११-१९७४) यांचा सर्पगंधेविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला आणि एका भारतीय वनस्पतीकडे सर्व जगाचे लक्ष वेधले. या घटनेवरून आपल्याकडे असा समज रूढ झाला आहे की, रक्तदाबाचे औषध आपल्या पूर्वजांना ज्ञात होते आणि पाश्चात्त्यांनी ते केवळ उशिरा ओळखले. हा समज कितपत ग्राह्य आहे, याची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम रोगाचाच इतिहास पाहू. स्टीफन हेल्स याने १७३३ मध्ये घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्ताचा दाब मोजल्याचे प्रसिद्ध केले. परंतु माणसाचा दाब सुलभपणे मोजण्याचे साधन १८९६ मध्ये रिव्हा-रोची याने सिद्ध केले आणि १९०५ मध्ये कोरोत्कॉव्ह याने श्रवणनलिकेची जोड देऊन त्याला पूर्णता आणली. तत्पूर्वी रिचर्ड ब्राइट याने १८३६ मध्ये मूत्रपिंडविकार आणि हृदयाची वाढ यांचा संबंध दाखविला होता. पुढे १९३४ मध्ये गोल्डब्लॅट याने कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी आवळून रक्तदाब वाढवून दाखविला. तथापि बहुसंख्य रुग्णांत असे एकच कारण सापडत नाही. आनुवंशिकता, आहारातील मीठ, स्थूलता, मद्यपान आणि वाढते वय यांचा तो संयुक्त परिणाम असतो. शिवाय हा विकार बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता धमन्या, हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांची हानी करीत राहतो. तात्पर्य, जो रोग मापनावाचून दिसतच नाही, तो मापनापूर्वी ‘रोग’ म्हणून ज्ञात असणे संभवत नाही.

मग सर्पगंधेचा उपयोग कशासाठी होत असे? सर्पदंश, ज्वर, निद्रानाश आणि उन्माद यांवर ती दिली जाई. बिहारात तर तिला वेडावरील औषध म्हणूनच ओळखत. विल्यम डायमॉक व त्याचे सहकारी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात कोकणाविषयी एक उद्बोधक नोंद आहे. दक्षिण कोकणातून मुंबईस येणारे मजूर या मुळाचा थोडा साठा जवळ बाळगीत आणि पोटातील वेदनांवर ते वापरीत, असे तीत म्हटले आहे. म्हणजे ज्या नगरीत पुढे या मुळाचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला गेला, त्याच नगरीत ते दोन पिढ्या आधी कष्टकऱ्यांच्या गाठोड्यात होते; परंतु पोटशूळावरील औषध म्हणून! मूळ तेच होते, त्याला विचारलेला प्रश्न मात्र निराळा होता.

नवा प्रश्न प्रथम कलकत्त्यास विचारला गेला. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर हे औषध गुणकारी असल्याचे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळातील अल्कलॉइडे वेगळी केली व एकास हकीम अजमलखानांच्या नावावरून ‘अजमालीन’ हे नाव दिले. वकीलांनी त्यापुढील पाऊल टाकले. त्यांनी ५० रुग्णांवरील परिणाम आकड्यांत मांडला आणि तो जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ वाचीत अशा ठिकाणी छापला. त्या काळी रक्तदाबावर झोपेची औषधे, केम्पनर याचा भाताचा आहार किंवा मज्जातंतू छेदण्याची अवघड शस्त्रक्रिया एवढेच मार्ग होते, हे ध्यानात घेतले म्हणजे निबंधाचे महत्त्व कळते. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी त्यानंतर हे औषध वापरून १९५२ पासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५२ मध्येच बाझेल येथील सीबा कंपनीच्या संशोधकांनी ‘रेसर्पीन’ हे शुद्ध द्रव्य मिळविले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये ते रिकामी करते आणि त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात. १९५७ मध्ये वकीलांना लास्कर पारितोषिक मिळाले.

परंतु रक्तदाब उतरणे ही एक गोष्ट आणि आयुष्य वाचणे ही दुसरी. हिचा निर्णय अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखालील प्रयोगाने १९६७ मध्ये केला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींना रेसर्पीन, हायड्रोक्लोरोथायाझाइड व हायड्रॅलझीन आणि उरलेल्यांना निर्गुण गोळ्या देण्यात आल्या. निर्गुण गोळ्यांच्या गटात २७ गंभीर आपत्ती घडल्या. औषधाच्या गटात अवघ्या २. उपचाराने पक्षाघातादी आपत्ती टळतात, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. अधिक मात्रेत रेसर्पीनमुळे विषण्णता येते, हेही अनुभवाने कळले. पुढे अन्य औषधांनी तिची जागा घेतली. मुळासाठी होणाऱ्या बेसुमार खोदाईमुळे ही वनस्पतीच दुर्मिळ झाली आणि १९९० मध्ये वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश करावा लागला.

सारांश, पूर्वजांनी मुळाचे शामक सामर्थ्य ओळखले होते, हे श्रेय त्यांचेच. रक्तदाबावरील उपचार मात्र मापन, रसायन आणि तुलना यांनी घडविला. दोन्ही श्रेये एकत्र कालविली तर दोहोंवर अन्याय होतो.

या विवेकाचे व्यावहारिक मूल्यही आहे. पालघर तालुक्यातील घिवलीसारख्या किनाऱ्यावरील गावांत खारवलेली मासळी हा आहाराचा जुना भाग आहे. जवळच बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे व तेथे औषधी द्रव्यांचे कारखानेही आहेत. औषध जवळ असणे आणि रोग ओळखला जाणे यांत किती अंतर असते, हे मुंबईच्या मजुरांच्या गाठोड्याने दाखविलेच आहे. २०१७ नंतर हाती घेतलेल्या रक्तदाब-नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांपासून प्रारंभ झाला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. ज्या दक्षिण कोकणातून ते मूळ मुंबईस येई, तेथेच आता आरोग्यकेंद्रात दंडाला पट्टा बांधून प्रथम दाब मोजला जातो आणि औषध त्यानंतर दिले जाते. हाच क्रम या इतिहासाचा निष्कर्ष होय.